उलट्या दुर्बिणीतला इरॉस

माझ्या नोकरीची सगळी वर्षं मी माणसं डोक्यावर उभी असलेली पाहिली. बैलगाड्या चाकं वर करून चालायच्या, लिंबाची झाडं आभाळातून खाली लोंबायची आणि बायका डोक्यावरच्या घागरीतलं पाणी न सांडता उलट्या चालत जायच्या. डोळे बिघडले नव्हते, दुर्बीण तशी होती. मी पाटबंधारे खात्यात सर्वेअर होतो, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांवर. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही सगळे परभणीचे.

कालवा म्हटलं की लोकांना फावडी आणि टिकाव आठवतात. पण पहिलं फावडं पडायच्या आधी कोणीतरी उन्हात उभं राहून पाणी कुठून जाईल ते ठरवलेलं असतं. तो कोणीतरी म्हणजे मी. तीन पायांच्या तिकाटण्यावर लेव्हल नावाची दुर्बीण बसवायची. ती फक्त आडवी, सरळ रेषेत बघते. खलाशी, म्हणजे आमचा मोजणीचा गडी, लांब जाऊन आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरतो. दुर्बिणीतली आडवी तार पट्टीच्या कोणत्या आकड्यावर येते ते वाचायचं. मग गडी पुढं सरकतो, पुन्हा वाचायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जमिनीचा चढ-उतार. झालं, एवढंच शास्त्र. पण एका शेतात बोटभर उतार धरत पाच-सात मैल जायचं, आणि एका ठिकाणी बोट चुकलं तर पुढचं गाव कोरडं. आमच्या वडलांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. आणि मी त्यांचा पोरगा, अख्ख्या शिवाराचं पाणी कुठून वळेल त्याच्या खुंट्या ठोकत होतो. याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे. लपवायचं काय त्यात?

दुर्बीण उलटी दाखवते, कारण सुलटं दाखवायला आत जादा काचा लागतात आणि त्या काचा उजेड खातात. म्हणून त्या काळच्या आमच्या दुर्बिणी उलट्याच. पहिले दोन महिने डोकं गरगरतं. मग डोळा असा सरावतो की उलटं दिसतंय हेच आठवत नाही. हात आपोआप सुलटं लिहितो, सुलटं काढतो. ही सवय मला एकदा सगळ्या गावासमोर नडली, तीच गोष्ट सांगायची आहे.

कुरुंद्याच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला चहा पाजतात. तिथं एक चारी, म्हणजे कालव्यातून फुटणारा लहान पाट, मी आखली होती. चारीच्या शेवटाला आमच्या बौद्ध वस्तीची कोरडवाहू वावरं होती, आणि अगदी टोकाला धुरपदामावशीचं चार एकर. माझ्या आईच्या गावची म्हणून मावशी. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. खुंट्या ठोकताना ती बांधावर येऊन बसायची.

"किसन्या, खरं सांग. माझ्या वावरात पाणी येईल का न्हाई?"

"येईल मावशी."

"हळद लावू का मग?"

"लाव," मी म्हणालो. आकडे माझ्या वहीत होते, मी कशाला भ्यायचं?

भ्यायचं कारण दोन दिवसांनी चालत आलं. आप्पाराव त्याचं नाव. चारीच्या वाटेवर सगळ्यांत मोठं रान त्याचं. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या डोळ्यांपलीकडं कोणाचं ऐकायचा नाही. मी आखलेली रेघ त्याच्या रानातून एका माळाच्या कुशीनं जात होती, आणि तिथं उभं राहिलं की कोणीही शपथेवर सांगावं की जमीन पुढं चढते आहे. शेजारच्या डोंगरकडेच्या उतारामुळं डोळा फसतो. खरं तर तिथं जमीन उतरत होती.

"पाणी चढावर जात असतं व्हय रे?" आप्पाराव म्हणाला. "काहून आमचं रान खराब करून राहिला?"

मी तापट माणूस. "तुमीच बघा दुर्बिणीतून," म्हणालो. ही माझी पहिली चूक. आप्पारावानं डोळा लावला आणि चटका बसावा तसा मागं झाला.

"आरं बाबा! हा तर माणूस डोक्यावर उभा हाय! ह्याच्या दुर्बिणीत आभाळ खाली न् जमीन वर. मग चढाचा उतार दिसंल न्हाई तर काय होईल?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सरकारी दुर्बीण उलटी आहे. एका दुपारी निम्मं गाव येऊन डोळा लावून गेलं. सगळे हसत गेले. पोरं मला बघून हातावर उभी राहायची. आणि मोठ्या साहेबांनी निरोप धाडला की शनिवारपर्यंत रानवाल्यांच्या संमतीच्या सह्या नसतील तर चारी आप्पारावाच्या बांधाआधीच थांबवा, पुढची आखणी रद्द. म्हणजे वस्ती कोरडी. मावशीनं हळदीचं बेणं सांगून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात जब्बार मास्तर सायकल हाणत कॅम्पावर आले. कळमनुरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, माझे जुने स्नेही. खिशात वर्तमानपत्राचा चार बोटांचा कपटा. इरॉस नावाचा लघुग्रह पृथ्वीजवळून चालला आहे, मिथुन राशीत पुनर्वसूपाशी आहे, नुसत्या डोळ्यांना नाही पण लहान दुर्बिणीतून दिसेल, असं काहीसं त्यात होतं. १९७५ सालचा जानेवारी तो.

"किसनराव, शाळेत दुर्बीण नाही. तुमच्या थिओडोलाइटमधून दाखवा ना, मेहेरबानी होईल," मास्तर म्हणाले. थिओडोलाइट म्हणजे लेव्हलचाच थोरला भाऊ. तो वर-खालीही वळतो आणि कोन मोजतो. दाखवतो तोही उलटंच.

मी म्हणालो, "मास्तर, माझ्या डोक्याला इथं ताप झालाय, अन् तुमी तारे काय घेऊन आलात?"

"तारा नव्हे हो! दगड आहे, दगड. बसा, सांगतो."

मास्तरांनी माझ्याच दोन खुंट्या घेतल्या आणि काळ्या मातीत थोड्या अंतरावर ठोकल्या. सुतळीचा फास करून दोन्हींभोवती टाकला, काडीनं ताणून फिरवला. मातीत लांबट गोल उमटला. "ही इरॉसची वाट. या एका खुंटीवर सूर्य. दुसरी खुंटी रिकामी." मग सूर्याच्या खुंटीभोवती लहान सुतळीनं आत दुसरा गोल काढला. "ही आपली पृथ्वी." दोन्ही गोल एका बाजूला अगदी जवळ आले होते, दुसऱ्या बाजूला फाकलेले. फाकलेल्या बाजूला इरॉस मंगळाच्याही पलीकडं जातो. त्याला एका फेरीला आपली पावणेदोन वर्षं लागतात. म्हणून तो जवळच्या ठिकाणी येतो तेव्हा बहुतेक वेळा पृथ्वी भलतीकडंच असते. दोघांची तिथं गाठ पडायला नशीब लागतं. आपल्या सदतीस फेऱ्या होतात तेव्हा त्याच्या एकवीस होतात, असा मास्तरांचा हिशेब.

"म्हणजे आता चुकला तर सदतीस वर्षं?" मी विचारलं.

"मैं तो नहीं रहूँगा," मास्तर हसत म्हणाले.

खुंट्या-सुतळीचा खेळ बघायला माणसं जमली होती. त्यात मावशी होती आणि आप्पारावही. मावशीनं मातीतल्या दोन गोलांकडं बघून विचारलं, "गुरुजी, हितं तर चिकटायलाच आलेत की. पडंल का आपल्यावर?"

"नाही मावशी. दोन्ही वाटा एकमेकींना लागत नाहीत. आणि जवळ म्हणजे चंद्र जेवढा लांब त्याच्या साठपट."

"हे सगळं तुमाला उलट्या दुर्बिणीत दिसणार?" आप्पाराव म्हणाला. माणसं हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दिसणार! वर तो उद्या कुठं असेल ते आज सांगणार."

आप्पारावानं मान तिरकी केली. "बराबर. मग ठरलं. सकाळी सांगा, रात्री आमी बघतो. सांगितल्या जागी घावला तर दुर्बीण खरी, सही देतो. न्हाई घावला तर खुंट्या तुमीच उपटायच्या."

मी "कबूल" म्हणून बसलो. मास्तरांचा चेहरा उतरला. एकट्या माझ्या शब्दावर आता मावशीची हळद टांगली होती, आणि तो दगड मी अजून पाहिलाही नव्हता.

त्याच रात्री, गुरुवारी, जेवणं होता होता आम्ही थिओडोलाइट लावला. पूर्वेकडं तोंड करून उभं राहिलं की पुनर्वसूचे दोन ठळक तारे, त्यांच्या उजव्या अंगाला एक मध्यम तारा. त्याच्या आसपासचे बारीक ठिपके मी मोजणीच्या वहीत काढले. घटका-दीड घटकेनं पुन्हा काढले. एक ठिपका जागा सोडून त्या मध्यम ताऱ्याकडं सरकला होता. अंगावर काटा आला, खरंच. इतकी वर्षं पट्टीवरचे आकडे वाचले, पण आभाळातलं काहीतरी आपल्या तारेसमोरून चालत जाताना पहिल्यांदा पाहिलं. मास्तरांनी मला मिठीच मारली.

मग मी चहा टाकायला चुलीकडं गेलो आणि मास्तर वही घेऊन बसले. दुर्बीण उलटं दाखवते हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी माझं चित्र फिरवून उलटं धरलं आणि हिशेब केला की उद्या या वेळी इरॉस त्या ताऱ्याच्या डावीकडं, उत्तरेला, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवावेत एवढा लांब असेल. मी चहाचे कप हातात घेऊन मान हलवली. सकाळी गावात सांगून टाकलं, "डावीकडं!"

शुक्रवारी आठच्या सुमाराला पन्नासेक माणसं जमली. कंदील विझवायला लावले. चंद्र डोक्यावर होता, त्यानं बारीक तारे पुसून टाकले होते. मी मध्यम तारा धरला, दुर्बीण डावीकडं वळवली. काही नाही. थोडी आणखी डावीकडं. काही नाही. काच पुसली, पुन्हा पाहिलं. 

"घावला का?" आप्पारावानं विचारलं.

मी दुर्बीण आणखी थोडी डावीकडं सरकवली.

"मी म्हनलं न्हाई? ज्याला माणूस सरळ दिसत न्हाई त्याला तारा काय दिसंल!" हशा पिकला. मावशी पुढंच पोतं टाकून बसली होती. ती हसली नाही, माझ्याकडं नुसती बघत राहिली. ती नजर मला अजून आठवते.

मी वही घेऊन टॉर्च लावला, उगाच, कोणाकडं बघायला नको म्हणून. चित्राशेजारच्या पानावर सकाळच्या मोजणीचे आकडे होते. सहा, नऊ, सहा. दुर्बिणीत पट्टीवरच्या इंग्रजी सहाचा नऊ दिसतो आणि मी सहाच लिहितो, न बघता, न विचारता. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे गाढवा! तू आकडे सुलटे लिहितोस, तर ठिपके उलटे काढशील काय? माझ्या सरावल्या हातानं चित्र आधीच सुलटं काढलं होतं. मास्तरांनी ते उलटं समजून पुन्हा फिरवलं. जगात ही चूक फक्त एक सर्वेअर आणि एक हुशार मास्तर मिळूनच करू शकतात.

गप्प बसून दुर्बीण हळूच उजवीकडं फिरवता आली असती. कोणाला कळलं असतं? पण आमच्या वहीचा एक कायदा असतो. त्या वहीत खोडरबर चालत नाही आणि पान फाडता येत नाही. चुकलं तर चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. ज्याच्या वहीत एक जागा घासलेली सापडली त्याची सगळी मोजणी रद्द धरतात. हात त्या कायद्याला बांधलेला होता.

"थांबा," मी मोठ्यानं म्हणालो. "दुर्बीण चुकली न्हाई. मास्तरबी न्हाई चुकले. चूक माझी हाय. डावीकडं न्हाई, उजवीकडं." आणि सगळ्यांसमोर 'डावीकडे' या शब्दावर रेघ मारली, 'उजवीकडे' लिहिलं, सही केली.

"वा रे!" मागून कोणीतरी ओरडलं. "तिकडंबी न्हाई घावला तर खाली म्हनशील!"

मी दुर्बीण उजवीकडं वळवली. आणि काय सांगू, तिथंही काही नव्हतं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ते त्या वेळी समजलं. मास्तरांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. "रुको. घाई करू नका. तो गोल नाही. रताळ्यासारखा लांबुळका आहे, वसमतेहून औंढ्याच्या पुढं जाईल इतका लांब, आणि रुंदीला निम्मासुद्धा नाही. सव्वापाच तासांत कोलांटी खातो. आता त्याचं टोक आपल्याकडं असणार. लांब अंग वळलं की उजळेल. तासभर लागेल."

तासभर! पन्नास माणसं तासभर कशाला थांबतील? निम्मी गेली. आप्पाराव गेला नाही. तो माझ्याजवळ आला. "दाव बरं ती वही."

मी दिली. त्यानं माझाच टॉर्च घेतला आणि त्या रेघ मारलेल्या शब्दावर धरला. मग मागची पानं चाळायला लागला. सातवी शिकलेला होता, आकडे वाचता येत होते. एका पानावर थांबला. "हितं बी रेघ हाय."

"पट्टी वाकडी धरली होती गड्यानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, शेजारी लिहिलंय."

"न् हितं?"

"माझीच चूक. तीन वेळा मोजलं तिथं."

"हे सगळं सायबाला दिसतं?"

"दिसतं. बोलणी खातो."

तो पानं उलटत राहिला. मग माळाच्या कुशीचं पान आलं, त्याच्या रानाचं. त्यानं टॉर्च जवळ नेला, बोटानं एकेक ओळ खाली उतरला. "ह्या पानावर रेघ न्हाई."

"न्हाई. तिथं चुकलो न्हाई मी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, वही मिटून हातातच ठेवली. एवढ्यात मास्तर इतक्या जोरात "आ गया!" ओरडले की मावशी दचकून उठली. मी धावलो. उजवीकडं, सांगितलेल्या अंतरावर, मघा काहीच नव्हतं तिथं फिकट ठिपका होता. पाव तासात तो चांगला उजळला, शेजारच्या ताऱ्यांच्या बरोबरीला आला. सगळ्यांत आधी मावशीला बसवलं. एक डोळा हातानं झाकून ती बघत राहिली.

"हाच का गुरुजी, कोलांटी खानारा?"

"हाच."

"लई लांबून आलाय बिचारा," ती म्हणाली.

मग आप्पारावानं पाहिलं. मी त्याला गुरुवारचं चित्र दाखवलं, तारा दाखवला, सरकलेलं अंतर दाखवलं. त्यानं पुन्हा पाहिलं.  "सकाळी या सहीला," तो म्हणाला, आणि वही माझ्या हातात देऊन घराकडं चालायला लागला. मास्तरांनी रात्रीतूनच सायकल काढली, शाळा होती सकाळची.

एक खंत आहे. त्या पानावर मी माझं नाव लिहिलं, मास्तरांचं लिहायचं राहिलं. हिशेब त्यांचा, कोलांटी त्यांना ठाऊक, आणि सरकारी वहीत सही एकट्या माझी. सदतीस वर्षांनी, २०१२च्या थंडीत, इरॉस मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं बरोबर परत आला. मी नातवाची दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलो. मास्तर नव्हते. हल्लीच्या दुर्बिणीत सगळं सुलटं दिसतं आणि माझा सरावलेला डोळा ते मनातल्या मनात उलटं करतो, मला तर काही सापडेचना. शेवटी पुस्तकातला नकाशा उलटा धरला तेव्हा तो घावला. तेव्हा मी गच्चीवर एकटाच मोठ्यानं म्हणालो, "मास्तर, तुमचा हिशेब बराबर होता." नातवाला वाटलं आजोबा बिघडले.

पण चारीचं सांगायचं राहिलं. आप्पारावानं सही दिली, त्याच्यामागं बाकीच्यांनी दिली. खोदकाम झालं आणि पुढच्या हंगामात पाणी सुटायचा दिवस आला. गाव सगळं माळाच्या कुशीपाशी जमलं. सही दिली तरी डोळ्यांना चढच दिसत होता ना. पैजा लागल्या होत्या. मावशी आपल्या वावरात खोरं घेऊन उभी, हळदीचं बेणं टोपल्यात भरून ठेवलेलं. मी तिच्या बांधावर लेव्हल लावली होती, उगाच, हातांना काहीतरी काम पाहिजे म्हणून. आकडे शंभर वेळा तपासलेले, तरी मी पुन्हा वही चाळत होतो. पाणी कुठं येऊन थांबतंय, चढापाशी तुंबतंय का, हे बघायचं धाडस होईना.

आप्पाराव धोतराचा सोगा सावरत माझ्याशेजारी आला. न विचारता वाकला आणि दुर्बिणीला डोळा लावला. किती तरी वेळ हलला नाही. मावशीनं लांबूनच हाक मारली, "आप्पाराव, काय दिसून राहिलं हो?"

त्यानं डोळा न काढताच सांगितलं, "पाणी. माळावरून येऊन राहिलं. आभाळातून उलटं येऊन राहिलं, मावशी. म्हंजे बराबर हाय. फोड तुझा बांध."